शाळेच्या दुर्बिणीतून सूर्य दाखवायचा आहे: फिल्म लावावी की पडद्यावर प्रतिमा घ्यावी?

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

नमस्कार. मी माण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला दोन दुर्बिणी भेट दिल्या आहेत. एक भिंगाची आहे, ७० मिमी व्यासाची आणि ७०० मिमी नाभीय अंतराची. दुसरी आरशाची, १५० मिमी व्यासाची. रात्रीच्या आकाशदर्शनाला गावातलीच मुले येऊ शकतात. वाड्यावस्त्यांवरून येणारी मुले, आणि त्यांत मुली अधिक, शाळा सुटल्यावर मिळेल त्या एसटीने घरी जातात. म्हणजे आमच्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना शाळेच्या वेळात दिसू शकेल असा तारा एकच आहे, आणि तो नीट दाखवावा अशी माझी फार इच्छा आहे.

लहान दुर्बिणीच्या खोक्यात नेत्रिकेच्या (डोळा लावायच्या भिंगनळीच्या) तळाशी फिरवून बसवायची, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी लहान, काळपट हिरवी काच मिळाली आहे. सूर्य पाहताना ती लावावी असे सोबतच्या कागदावर छापलेले आहे. ती वापरणे योग्य आहे का? नसेल, तर दुर्बिणीच्या तोंडावर सौर फिल्म लावावी की पडद्यावर प्रतिमा पाडावी? विद्यार्थी सुमारे १८० आहेत आणि मदतीला आम्ही दोनच शिक्षक आहोत.

भिंगकार

सर, त्या काचेचा निर्णय आधी घ्या आणि आजच घ्या. ती कपाटात ठेवू नका, कोणाला देऊ नका, तोडून टाका. पुढच्या वर्षी तुमची बदली झाली, तर नवीन शिक्षक तोच छापील कागद वाचून ती काच लावतील.

कारण असे की, आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात साधारण २ मिमी असते आणि तुमच्या दुर्बिणीचे भिंग ७० मिमी आहे. व्यासाचे गुणोत्तर ३५, म्हणजे ही दुर्बीण नुसत्या डोळ्यापेक्षा सुमारे १,२२५ पट सूर्यप्रकाश गोळा करते. स्वच्छ उन्हात जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण १,००० वॅट ऊर्जा पोहोचते असे धरले, तर तुमच्या भिंगातून सुमारे पावणेचार वॅट आणि १५० मिमीच्या आरशातून साडेसतरा वॅटच्या आसपास ऊर्जा आत येते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची लहान डाग देण्याची इस्त्री साधारण त्याच दर्जाची असते. ही सगळी उष्णता नाभीजवळ एकवटते आणि ती हिरवी काच नेमकी तिथेच बसवलेली असते. काच असमान तापते आणि तडकते. तडकते त्या क्षणी डोळा नेत्रिकेला लावलेलाच असतो.

म्हणून नियम एकच आहे. प्रकाश कमी करायचा तो दुर्बिणीत शिरण्याआधी; ते करायचे नसेल, तर डोळा प्रकाशाच्या वाटेतून पूर्णपणे बाजूला काढायचा. पहिली वाट फिल्मची आणि दुसरी पडद्याची. यांच्यामधली तिसरी स्वस्त वाट नाही.

रानजाई

भिंगकार यांनी लिहिले आहे ते मी पाहिलेले आहे. महाविद्यालयात असताना आमच्या गच्चीवर अशीच काच लावून सौरडाग पाहणे चालू होते. मैत्रिणीने वहीत नोंद करण्यासाठी मान वर केली आणि ‘टक्’ असा बारीक आवाज आला. काच मधोमध चिरली होती आणि भेगेतून येणारा प्रकाश समोर धरलेल्या वहीवर पांढऱ्या रेघेसारखा पडला होता. ती रेघ मला अजून आठवते.

दृष्टिपटल

मी नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून वैद्यकीय बाजू लिहितो. दृष्टिपटलावर वेदना जाणवून देणारे चेतातंतू नसतात. त्यामुळे सूर्याकडे पाहताना इजा होत असली तरी दुखत नाही, आणि बऱ्याचदा काही तास उलटल्यावर रुग्णाच्या लक्षात येते की दृष्टीच्या मध्यभागी एक धुरकट ठिपका आहे, सरळ रेघ वाकडी दिसते आहे किंवा वाचताना एखादे अक्षर गायब होते आहे. पीतबिंदूच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या, या इजेतून काही जण आठवड्यांत किंवा महिन्यांत बऱ्यापैकी सावरतात. काहींचा ठिपका कायम राहतो. तो घालवणारे खात्रीचे औषध आमच्याकडे नाही. लहान मुलांचे नेत्रभिंग अधिक पारदर्शक असल्याने त्यांच्या दृष्टिपटलापर्यंत घातक किरण मोठ्यांपेक्षा जास्त पोहोचतात, हे शाळेच्या कार्यक्रमात विशेष ध्यानात ठेवावे.

‘त्रास झाला तर मूल डोळा बाजूला घेईलच’ हा समज मनातून काढून टाकावा. जिथे दुखतच नाही, तिथे डोळा बाजूला घेण्याची सूचना मिळणार कुठून?

मोजमाप

माझे मत पडद्याच्या बाजूने आहे आणि ते थोडे सविस्तर मांडतो.

दुर्बिणीने सूर्याची प्रतिमा कागदावर पाडण्याची रीत गॅलिलिओचे शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी सुचवली. गॅलिलिओने १६१२ मध्ये तीच वापरून सौरडागांची रोजची चित्रे काढली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन असाच पडद्यावरच्या प्रतिमेवरून डागांचे चित्र काढत होते. त्यांना एका मोठ्या गटावर दोन लखलखीत पांढरे ठिपके दिसले आणि पाचएक मिनिटांत विझले. पहिल्यांदा नोंदली गेलेली सौरज्वाला ती. पुढच्या दिवसाच्या आत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले आणि तारायंत्रे बिघडली. हे सगळे एका पडद्यावर दिसले, हे मुलांना सांगितले तर पडद्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच बदलते.

आता तुमच्या दुर्बिणीचा हिशेब. नाभीपाशी पडणाऱ्या सूर्यप्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे १०७ व्या भागाइतका असतो. ७०० मिमीला तो साडेसहा मिमी होतो. २० मिमीची नेत्रिका लावून तिच्यापासून ४८ सेंमी अंतरावर पडदा धरला, तर ही प्रतिमा आणखी २३ पट मोठी होऊन सुमारे १५ सेंमीचे वर्तुळ मिळते. त्या वर्तुळावर आपली पृथ्वी १.४ मिमीची, म्हणजे मोहरीच्या बारीक दाण्याएवढी होईल. मुलांना पडद्याशेजारी खरा मोहरीचा दाणा चिकटवून दाखवा; सौरडाग त्याच्यापेक्षा मोठा की लहान, हे ती स्वतः ठरवतील.

नेत्रिका मात्र निवडून घ्या. आधुनिक नेत्रिकांमध्ये भिंगे एकमेकांना चिकटवलेली असतात आणि उष्णतेने तो चिकटपदार्थ सुटू शकतो. स्वस्त दुर्बिणीसोबत येणाऱ्या, इंग्रजी ‘एच’ अक्षर कोरलेल्या हायगेन्स पद्धतीच्या नेत्रिकेत दोन सुटी भिंगे असतात, म्हणून या कामाला तीच बरी. तिचे आवरण प्लास्टिकचे नाही ना, तेही पाहा. आरशाची दुर्बीण या कामाला वापरूच नये असे माझे म्हणणे आहे, आणि नळीचे पुढचे तोंड काचेने बंद असलेल्या भिंग-आरसा मिश्र प्रकारच्या दुर्बिणी तर कधीच नाही. त्यांच्या आतला प्लास्टिकचा भाग वितळतो.

कृत्तिका

मोजमाप यांच्या हिशेबाबद्दल आदर आहे, पण १८० मुले आणि दोन शिक्षक या परिस्थितीत उघडी प्रतिमा पाडण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पडद्याच्या पद्धतीत नेत्रिकेतून पूर्ण ताकदीचा झोत बाहेर पडत असतो. नेत्रिका आणि पडदा यांच्यामध्ये अर्धा मीटर मोकळी जागा असते आणि दुर्बीण म्हटली की मूल नेत्रिकेलाच डोळा लावणार. आपण त्याला आजवर तेच शिकवले आहे. एका सार्वजनिक कार्यक्रमात शोधक दुर्बिणीचे (नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचे) झाकण लावायचे राहून गेले होते. वाकून पडदा सरळ करणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानेवर तिचा झोत पडला, सदऱ्याच्या कॉलरला भोक पडले आणि मानेला फोड आला. ती मान होती म्हणून निभावले. तेव्हापासून मी दिवसाच्या कार्यक्रमाला शोधक दुर्बीण काढून घरीच ठेवून येते.

फिल्मने दुर्बिणीत शिरतानाच प्रकाश एक लाखांश होतो. मग आत कुठेही उष्णता नाही, नेत्रिका कोणतीही चालते, आणि डागाची काळी प्रच्छाया व तिच्याभोवतीची करडी उपच्छाया वेगवेगळी दिसते. भर उन्हातल्या मैदानात फिकट झालेल्या पडद्यावर हे दिसत नाही.

फिल्म विकत घेताना तिची घनता ५, म्हणजे प्रकाश लाखांश करणारी, आहे ना, हे पाहावे. ३.८ घनतेची फिल्मही मिळते, पण ती फक्त छायाचित्रणासाठी असते. तिच्यातून डोळ्याने पाहायचे नाही. चौकट करायची रीत सांगते. जाड पुठ्ठ्याची पट्टी दुर्बिणीच्या तोंडाभोवती गुंडाळून, थोडी घट्टच बसेल अशी बांगडी करा. पुठ्ठ्याच्या दोन चौकोनांत भिंगाच्या मापाची गोल भोके कापा आणि त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने फिल्म अडकवा. फिल्म ताणू नका. ती सैल आणि सुरकुतलेली दिसली तरी प्रतिमेला बाध येत नाही. ताणली तर मात्र येतो. ही चौकट बांगडीवर पक्की करा, आणि दुर्बिणीवर चढवल्यावर बाहेरून आणखी दोन ठिकाणी चिकटपट्टी लावा. माणच्या माळावरचा वारा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे.

दर कार्यक्रमाआधी फिल्म दिव्यासमोर धरून तपासा. छिद्र, चरा किंवा घडीची उघडी पडलेली रेघ दिसली तर ती फिल्म बदला. तुकडा जोडत बसू नका.

मोजमाप

झोताबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. त्यावर उपाय आहे. नेत्रिकेपासून पडद्यापर्यंतची सगळी जागा खोक्याने बंद करायची. बुटांचे किंवा त्याहून लांबट खोके घ्या, एका टोकाला नेत्रिकेच्या मापाचे भोक, दुसऱ्या टोकाला आतून पांढरा कागद, आणि एका कुशीला प्रतिमा पाहण्यापुरती खिडकी. आतून काळा कागद लावला की प्रतिमा मैदानातही ठळक दिसते, आणि झोतामध्ये डोके घालायला जागाच उरत नाही. शिवाय एका वेळी चार मुले आणि शिक्षक एकाच डागाकडे बोट दाखवून बोलू शकतात. नेत्रिकेतून पाहणारे मूल नेमके काय पाहते आहे, हे शिक्षकाला कळायला मार्ग नसतो.

कृत्तिका

बंद खोके असेल तर माझा विरोध राहत नाही. खोके दुर्बिणीला घट्ट बांधलेले असावे, नुसते अडकवलेले नको.

दुर्गवेडा

विषय सूर्याचा आहे म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबाने त्या कट्ट्यांवर दुर्बीण मांडली आणि तिथेच हेलियमचा शोध लागला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. एवढा मोठा शोध आपल्या कोकणात लागला, तर शाळेच्या कार्यक्रमात तो जरूर सांगावा.

भिंगकार

दुर्गवेडा, कोकणाबद्दलची तुमची आस्था मी समजू शकतो, पण विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगायची तर दुरुस्त करून सांगावी लागेल. त्या ग्रहणाच्या दिवशी नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ग्रहण गुंटूर येथून फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी पाहिले. इंग्रजांची एक तुकडी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, धाकट्या जॉन हर्शेल यांच्याकडे होती. सूर्याच्या कडेवरील तेजःशृंगांच्या, म्हणजे उसळणाऱ्या तप्त वायूच्या झोतांच्या, वर्णपटात या मंडळींना तेजस्वी रेषा दिसल्या. त्या रेषा इतक्या ठळक होत्या की जान्सन यांनी दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, वर्णपटदर्शक सूर्याच्या कडेवर रोखला आणि त्या पुन्हा पाहिल्या. लॉकियर यांनी स्वतंत्रपणे हेच २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून केले. पिवळ्या रंगातील जी रेषा सोडियमच्या जागी बसत नव्हती, तिच्यावरून पुढे नव्या मूलद्रव्याला ‘हेलियम’ हे नाव मिळाले.

माझ्या मते खरी गोष्ट ऐकीव गोष्टीपेक्षा अधिक मोलाची आहे. तेजःशृंगे पाहायला ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही, फक्त योग्य रंगाचा प्रकाश वेगळा काढावा लागतो, हे त्या वर्षी माणसाला कळले. आणि त्यात जमखंडी आहे, म्हणजे आज कर्नाटकात असलेल्या एका जुन्या मराठी संस्थानाचा सहभागही आहेच.

दुर्गवेडा

दुरुस्तीबद्दल आभार. जमखंडीचे मला ठाऊक नव्हते. यापुढे तसेच सांगेन.

स्वातीनक्षत्र

याच मुद्द्यावरून विचारते. हायड्रोजन-आल्फा (हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाश तेवढाच दाखवणाऱ्या) दुर्बिणीतून तेजःशृंगे रोज दिसतात असे वाचले आहे. शाळेने वर्गणी काढून ती घ्यावी का? आणि माझ्याकडे रात्रीच्या तेजोमेघांसाठी घेतलेला हायड्रोजन-आल्फा फिल्टर आहे, तो चालेल का?

भिंगकार

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: अजिबात नाही. नाव सारखे असले तरी रात्रीचा फिल्टर कित्येक नॅनोमीटर रुंदीचा लाल प्रकाश जसाच्या तसा आत सोडतो. तो नेत्रिकेपाशी बसतो आणि उष्णता अडवायला त्याच्यापुढे काहीच नसते. सौर निरीक्षणाच्या दुर्बिणीत ६५६.३ नॅनोमीटरभोवतीचा, ०.१ नॅनोमीटरपेक्षाही अरुंद पट्टा वेगळा काढलेला असतो आणि बाकीची सर्व ऊर्जा अडवणारे थर तिच्यातच बसवलेले असतात.

पहिल्या प्रश्नाबद्दल: तेजःशृंगे आणि वर्णगोलावरचे (सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरच्या वायुथरातले) काळे तंतू पाहणे विलक्षण असते, पण ४० मिमीची लहानशी सौर दुर्बीणही ग्रामीण शाळेच्या आवाक्याबाहेर जाते. तेवढ्या पैशांत पाच शाळांना चांगल्या भिंगाच्या दुर्बिणी आणि फिल्म देता येतील. मुलांना हायड्रोजन-आल्फामधला सूर्य एकदा दाखवायचा असेल, तर पुण्या-मुंबईच्या हौशी खगोल मंडळांशी संपर्क साधा. अशा दुर्बिणी बाळगणारे निरीक्षक आनंदाने तालुक्याच्या गावी येतात.

सूर्य पाहण्यासाठी नेत्रिकेआधी बसवतात त्या हर्शेल प्रिझमबद्दल कोणी विचारण्याआधी लिहितो. त्याच्या काचेवरून जेमतेम ५ टक्के प्रकाश नेत्रिकेकडे वळतो आणि उरलेला मागे निघून जातो. प्रतिमा सुरेख मिळते. परंतु त्यातही पुढे गडद फिल्टर लागतोच, आणि हा प्रिझम फक्त भिंगाच्या दुर्बिणीत वापरायचा असतो. अनुभवी निरीक्षकाचे ते साधन आहे, शाळेचे नव्हे.

तळ्याकाठी

सुरक्षिततेबद्दल भरपूर लिहून झाले आहे, म्हणून स्थिर प्रतिमेबद्दल लिहितो. फिल्म उत्तम, दुर्बीण उत्तम, तरी सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी हलताना दिसते आणि मुलांना डाग काही दिसत नाही, असे अनेक कार्यक्रमांत होते. दोष दुर्बिणीचा नसतो. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा असतो. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली आहे ती याच कारणाने. सभोवती पाणी असले की जमिनीइतकी हवा तापत नाही.

आपल्याला तलाव मिळणार नाही, पण जागा आणि वेळ निवडता येते. सिमेंटची गच्ची, पत्र्याचे छप्पर आणि डांबरी रस्ता टाळा. गवत किंवा मोकळी माती बरी. सकाळी सूर्य थोडा वर आल्यावर, साधारण साडेआठ ते दहा ही वेळ मला सर्वांत चांगली वाटते. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा.

आरशाच्या दुर्बिणीबद्दल मोजमाप यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. प्रतिमा पाडण्यासाठी ती नको, हे खरे. पण फिल्म लावून ती चांगली चालते. तिच्या पुढच्या मोठ्या झाकणाला बहुतेक वेळा एक छोटे, काढता येणारे झाकण असते. मोठे झाकण तसेच ठेवून त्या छोट्या भोकावर आतून फिल्म बसवा आणि मोठे झाकण नळीला चिकटपट्टीने पक्के करा. व्यास कमी झाला म्हणून हळहळू नका. दिवसाच्या चंचल हवेत ६० मिमी आणि १५० मिमी यांतला फरक फारसा हाती लागत नाही.

आणखी एक. मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा लहान दुर्बिणीची नळी तिपाईच्या पायाला अडते आणि नेत्रिका गुडघ्याच्या उंचीवर जाते. ‘भरदुपारी कार्यक्रम’ ठरवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पारिजात

आमच्या आजी ग्रहण हळदीच्या पाण्यात पाहत. वडील एक्स-रेची फिल्म डोळ्यांसमोर धरत. कोणाला काही झाल्याचे ऐकले नाही. मग एवढी काळजी कशासाठी, असे पालकांनी विचारले तर काय सांगावे?

दृष्टिपटल

त्यांना असे सांगावे, की पाण्याच्या पृष्ठभागावरून सरळ पडणारा प्रकाश सुमारे २ टक्के परत येतो, म्हणजे पन्नासांश. सुरक्षिततेसाठी लागतो तो लाखांश. आजींनी ओझरते पाहिले असेल, म्हणून निभावले असेल. एक्स-रेच्या फिल्ममधून दिसणारा प्रकाश कमी होतो, पण अवरक्त किरण बरेचसे आत येतात; शिवाय गडद आवरणामागे बाहुली मोठी होते आणि ते किरण वाढीव वाटेने आत शिरतात. काजळी धरलेली काच, गॉगल, सीडी यांनाही हेच लागू आहे. नुसत्या डोळ्याने पाहायचे तर आयएसओ १२३१२-२ मानकाचे ग्रहणचष्मे किंवा १४ क्रमांकाची वेल्डिंगची काच घ्यावी.

आणि यातले काहीही डोळ्यावर लावून दुर्बिणीत पाहायचे नाही. दुर्बिणीतून बाहेर पडणारा झोत ग्रहणचष्म्याची फिल्म जाळून डोळ्यापर्यंत जातो. उत्साहाच्या भरात मुले हे करतात, म्हणून त्या दिवशी चष्मे आणि दुर्बिणी मैदानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवाव्यात.

ईरीकाठ

मी क्लीव्हलँड येथे राहतो. ८ एप्रिल २०२४ चे खग्रास ग्रहण आमच्या अंगणातून जवळजवळ चार मिनिटे दिसले. सूर्य पूर्ण झाकला गेल्यावर फिल्म काढायची असते, नाहीतर किरीट, म्हणजे सूर्याभोवतीचे फिकट तेजोवलय, दिसतच नाही. आणि पहिला प्रकाशमणी चमकायच्या आत ती परत लावायची असते. मी गजर लावून हे काम पत्नीकडे सोपवले होते, कारण दुर्बिणीपाशी असलेल्या माणसाला त्या चार मिनिटांत वेळेचे भान राहत नाही. भारतातल्या मित्रांनी लक्षात ठेवावे की २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रासच दिसणार आहे, तेही पावसाळी आकाशातून. खंडग्रासात फिल्म एक क्षणही काढायची नाही. १३ नोव्हेंबर २०३२ रोजी बुधाचे अधिक्रमण होईल, म्हणजे बुध सूर्यबिंबासमोरून सरकताना दिसेल. बुधाचा ठिपका ग्रहणचष्म्यातून दिसत नाही, त्यासाठी दुर्बीणच लागते. सरांची आजची तयारी तेव्हाही कामी येईल.

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

हिरवी काच मुख्याध्यापकांसमोर हातोडीने फोडली आणि छापील कागदावरची ती सूचना लाल शाईने खोडून त्यावर दोघांनी सही केली. मोठ्या दुर्बिणीच्या छोट्या झाकणावर ५ घनतेची फिल्म बसवली. लहान दुर्बिणीला खोके जोडले; ते दहावीच्या मुलींनी केले आणि दोन्ही बाजूंनी सुतळीने आवळून बांधले. दोन्ही शोधक दुर्बिणी काढून माझ्या टेबलाच्या खणात कुलूपबंद केल्या. सूर्य शोधायला नळीची सावली पाहिली: ती जमिनीवर लहान होत होत पूर्ण गोल झाली की सूर्य नेत्रिकेत आलेला असतो. ही युक्ती मुलांना इतकी आवडली की दर दोन-तीन मिनिटांनी सूर्य सरकला की ती स्वतःच सावली गोल करून देत होती. एक शिक्षक एका दुर्बिणीपाशी, आणि जागा सोडायची वेळ आली तर आधी तोंडावर झाकण, असा नियम ठेवला. एका दिवशी एकच इयत्ता घेतली. पाच सकाळी लागल्या, पण घाई झाली नाही.

मोहरीचा दाणा पडद्याशेजारी चिकटवला होता. आठवीतल्या एका मुलीने बराच वेळ पाहून विचारले, “सर, मग आपली शाळा यात कुठे असेल?” मी तिला उत्तर दिले नाही. पुढच्या मुलीला जागा देण्यासाठी ती बाजूला झाली आणि दाण्याकडे पाहतच राहिली.

आता एक शंका उरली आहे. डाग मोजताना वुल्फ यांच्या सूत्राने, म्हणजे गटांची संख्या गुणिले १० अधिक एकूण डाग, असा आकडा काढायला मुलांना सांगितले. दोन गटांत सात डाग, म्हणून पडद्यावर पाहणाऱ्यांचा आकडा २७ आला. फिल्मच्या दुर्बिणीतून पाहणाऱ्यांनी त्याच तासाला ३१ सांगितला. बरोबर कोणाचे धरावे?

मोजमाप

दोन्ही बरोबर धरावेत आणि दोन्ही वहीत लिहावेत. फिल्ममधून चार बारीक डाग अधिक दिसले, एवढाच त्याचा अर्थ. वुल्फ यांच्या मूळ सूत्रात पुढे एक गुणक असतो, तो याच कारणासाठी: प्रत्येक निरीक्षकाचा, दुर्बिणीचा आणि जागेचा गुणक वेगळा असतो. तुमच्या दोन्ही दुर्बिणींनी महिनाभर रोज मोजणी केली, तर त्यांच्यातले गुणोत्तर मुलांनाच काढता येईल.

दिशांची खूण मात्र रोज करत जा. दुर्बीण स्थिर ठेवून सूर्य सरकू द्यायचा. जी कड आधी बाहेर जाते ती पश्चिम. पृथ्वीवरून पाहता सूर्याची एक फेरी सुमारे २७ दिवसांची असते, म्हणून पूर्व कडेवर उगवलेला डाग साधारण तेरा दिवसांनी पश्चिमेला मावळतो. आज तुमचे दोन गट तबकडीवर कुठे आहेत?

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

मोठा गट मध्यापासून पश्चिमेकडे थोडा सरकला आहे आणि लहान गट पूर्व कडेजवळ आहे. म्हणजे मोठा गट पुढच्या आठवड्यात दिसेनासा होईल. मुलींनी आजच फळ्यावर तारीख लिहून ठेवली आहे: शुक्रवार की शनिवार, यावर वर्गात दोन पक्ष पडले आहेत. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेआठला दुर्बीण मैदानात असेल.